मेणाचा हिशेब

क्रीटच्या दक्षिण उतारावर, जिथे थाइमची झुडपं
ढोपरापर्यंत येतात आणि वाऱ्याला मिठाची चव असते,
तिथे माझी मातीची नळकांडी आहेत, एकोणीस.
सोसिमोस गेल्यापासून माश्या मीच बघते.

तो आला तेव्हा सावल्या पायाखाली होत्या.
राजाचा कारागीर. नखांत भुसा, नजर मागे मागे.
मेण हवंय म्हणाला.
किती?
असेल तेवढं.
कशाला, ते मी विचारलं नाही.
फार विचारलं की गिऱ्हाईक शेजारी जातं.

सोबत पोरगा, ओठावर नुकती लव फुटलेला.
पोळ्याचा तुकडा चघळत म्हणाला,
उडताना खाली बघून माशीला भोवळ येते का?
मी म्हटलं, तिला कामं असतात.
तो हसला, चोथा थुंकला
आणि कड्यावर घिरट्या घालणाऱ्या गिधाडाकडे
कितीतरी वेळ बघत राहिला,
मान अशी वर, की गळ्याची घाटी हलताना दिसावी.

ती मान मी ओळखते.
लग्नाआधी त्याच कड्यावर मीही
अंगावरचं वस्त्र दोन्ही हातांनी वाऱ्यात धरून उभी होते.
टाचा सुटल्या होत्या जमिनीपासून.
तेवढ्यात आईची हाक आली. शेळ्या बांधायच्या होत्या.

आता बंदरावर सांगतात:
पोरगा ऐकेना, वर वर गेला,
सूर्याच्या फार जवळ, मेण वितळलं.
लेओकितोस कोळ्याच्या जाळ्यात पिसं आली,
त्यानं ती वाळवून उशीत भरली.
पोरांनी ऐकायला हवं, असं म्हणत सगळे माना हलवतात.
मीही हलवते.

पण माझ्या छपरावर, ऐन उन्हाळ्यात,
मेणाची ढेप मऊ पडते. वाहत नाही.
वाहते ती चरबी.

पाचात एक भाग शेळीची चरबी.
त्या साली पोळी भरली नव्हती,
जवाच्या रांजणाचा तळ दिसत होता,
आणि मला वाटलं, दिव्यालाच तर लावतील.

तराजूनं मला कधी पकडलं नाही.
सूर्याला बोलता येत नाही.
कारागिराकडे एक घागर तेल अजून बाकी आहे,
ते मी सोडून दिलंय.

हल्ली शुद्धच विकते. कुणी विचारत नसताना सांगते.
तीनदा गाळलेली एक ढेप कोनाड्यात वेगळी ठेवलीय,
कुणासाठी, ते माहीत नाही.
संध्याकाळी माश्या परततात, ओझ्यानं जड,
आणि मी दाराशी बसून मोजते,
जणू मोजता येतात.
रोज एखादी कमी भरते.