अडीच किलोपर्यंत

मणेराजुरीच्या रस्त्याला माझा वजनकाटा.
बेदाण्याच्या गाड्या एप्रिलात आटतात,
उसाच्या यायला दिवाळी उजाडते.
मधला मे महिना लोळत पडतो
साठ टनी लोखंडी प्लेटवर, ऊन खात.

मोबाईल सांगलीला, दुकानात. काच फुटलेली.
रेवणची आई मिरजेत सिव्हिलला, दुपारपाळी.
केबिनमध्ये मी, पावतीपुस्तक, टेबलफॅन
आणि सुट्टी लागलेला तो.

'पप्पा, कंटाळा आलाय.'

पहिल्या वेळी म्हणालो, पाढे म्हण.
दुसऱ्या वेळी, दिलावरमामाकडं जा, पंक्चर बघ.
तिसऱ्या वेळी पाच रुपये दिले.
चौथ्या वेळी ओरडलो.
मग माझ्याजवळचं सगळंच संपलं.
(शहाणपणानं गप्प बसलो, असं काही नाही.
आधीच सांगून ठेवतो.)

खुर्चीत उलटा झाला, पाय भिंतीवर.
फॅनपुढं तोंड धरून आऽऽऽ केलं,
आवाजाच्या चकत्या पाडल्या.
भिंतीच्या पोपड्यांत एक बैल सापडला त्याला,
एक बिनदातांची बाई.
मग काहीच नाही.
इतकं काहीच नाही
की मी मान वर करून बघितलं.

तो बाहेर, प्लेटच्या मधोमध उभा.
जिथं दहा चाकं उभी राहतात तिथं
दोन चपला.
आकडा: वीस.
उतरला. शून्य. चढला. वीस.
'मी वीसच?'
'काट्याला पाच-पाचचीच अक्कल आहे,' मी म्हणालो,
'मधलं त्याला कळत नाही.'
बावीस वर्षं ट्रकवाल्यांशी याच वाक्यावर
मी विषय संपवतो.

त्याचा तिथं सुरू झाला.

खाडेंच्या दुकानातून वजनं आणली मागून,
खिशात कोंबून, चड्डी सावरत.
एक किलो हातात घेतलं: वीस.
वर दोनशे: वीस.
वर शंभर,
आणि आकड्यानं टुणकन उडी मारली. पंचवीस!
तो ओरडला नाही.
उंबऱ्यावर बसला, नखानं गुडघ्याची खपली काढत,
चांगला अर्धा तास.
एक टेम्पो आला, वजन करून गेला,
याला पत्ता नाही.

मग कोपऱ्यातलं तपासणीचं वजन
वीस किलोचं, जवळजवळ त्याच्याएवढंच,
फरफटत नेलं उन्हात.
मी उठणार होतो. का कोण जाणे, उठलो नाही.
त्यावर एक किलो. दुसरा.
मग अर्धा.
पंचवीस.

'पप्पा, अडीचला उडी मारतो हा!'

प्लेटवर खडूनं आकडेमोड,
खोडलेली, परत मांडलेली, तिरकी,
शेवटी चौकट:
एकवीस किलो दोनशे. चपला धरून.

बावीस वर्षं हा काटा माझ्या पोटाला घालतोय.
दुपारी मलाही होत्याच की रिकाम्या.
पण माझ्याकडं पेपर होता, मग रेडिओ,
मग तो मोबाईल.
कुठल्याच दुपारच्या तळाशी
मी पोचलो नाही.

गुरुवारी फोन आला दुरुस्त होऊन.
रेवण दोन दिवस त्यात बुडाला,
खडूच्या चौकटीवरून ट्रॅक्टर गेला.
शनिवारी मी फोन खणात टाकला,
किल्ली सापडत नाही म्हणालो.
(हेही खोटंच.)

'कंटाळा आलाय.'
जिभेच्या टोकावर चार उपाय आले.
दात आवळून मी पावत्या मोजत बसलो.
परत म्हणाला. परत मोजल्या.

बाहेर प्लेट मोकळी होती,
आकडा शून्यावर.
शून्य म्हणजे, मला आता ठाऊक आहे,
अडीच किलोपर्यंत
तिथं काहीही असू शकतं.