दुहेरी टीप

दारूखान्याच्या तोंडाशी माझं मशीन.
ताडपत्र्या, ट्रकचे पडदे, हमालांच्या खांद्याच्या गाद्या,
कधी मांडवाच्या कापडाला ठिगळ.
नाजूक काम माझ्याकडे येत नाही,
मी ते मागतही नाही.

शिवडी कोळीवाड्यातली विशाखा तांडेल
जानेवारीत आली, वहीच्या पानावर आकृती काढून.
लांब पिशवी, सहा मुठी, तोंडाला वेल्क्रो.
आत काय?
वाळू. चाळीस किलो.
कशाला?
उचलायला.
मग?
खाली ठेवायला. परत उचलायला.
मी जाड सुई लावली.
मला काय, पैसे शिवणीचे.

आठ दिवसांत पिशवी परत.
चौथ्या माळ्यावर जिन्यातच फुटली म्हणे,
वाळू पायरी पायरी उतरत गेली खालपर्यंत
आणि शेजारी झाडू घेऊन तिच्या आईच्या दारात.
मी उसवण बघितली. चूक माझीच,
धागा सुती घेतला होता.
वाळू खाडीची, न धुतलेली, मिठाने खाल्ला.
या वेळी नायलॉन, दुहेरी टीप,
आत रेक्झिनचं अस्तर,
कोपऱ्यांना चौकोन आणि चौकोनात फुली.

मग भरायला घेतली,
गादीसारखी, ठोकून ठोकून गच्च.
तशी नको, काका. ढिली भरा.
बेशुद्ध माणूस गच्च नसतो,
ओघळतो हातातून, डोकं एकीकडे, कंबर भलतीकडे,
आणि त्याला मूठ नसते कुठे.
फायर ब्रिगेडची भरती, हे मला तेव्हा कळलं.
मग सहा मुठी कशाला सांगितल्यास?
हसली. कापा त्या.
कापल्या.
मुठींचे पैसे मात्र परत दिले नाहीत.

मार्चमध्ये जाकीट.
दुकानातलं वजनाचं जाकीट तिला परवडेना.
आजोबांच्या जुन्या जाळ्याचं शिसं होतं घरात,
तेलाच्या डब्यात, ओट्याखाली.
सोळा कप्पे, आठ पुढे, आठ पाठीवर,
प्रत्येकात तोलून सारखं.
माप घेताना म्हटलं, छाती फुगव.
का?
श्वास सोडून घेतलेलं माप
तिसऱ्या माळ्यावर गळा धरतं.
टेप चार बोटं सरकली.
बारा किलो भरलं सगळं मिळून.
शिसं दोनदा सोड्याने धुतलं,
तरी वास गेला नाही त्याचा.

परवा संध्याकाळी आली,
जाकीट अंगात, घामाने काळं पडलेलं.
पुतळा आता जड लागत नाही, म्हणाली,
पण पुतळा घाबरत नाही ना.
काका, तुमचं वजन किती?
बासष्ट.
उभे राहा.
अगं, कात्री आहे खिशात, एवढंच बोललो.
तिने कात्री काढून मशीनवर ठेवली,
गुडघे वाकवले, हात मांडीखालून घातला
आणि दुकान उलटं झालं.

छपन्न वर्षांचा मी,
पोरीच्या खांद्यांवर ताडपत्रीच्या घडीसारखा.
शेजारचा भंगारवाला बद्रुद्दीन
हातातला पाना आपटत दाद देत होता.
आधी मी ओरडलो. मग लाकूड झालो.
ढिले व्हा, काका. वाळूसारखे.
ते काही सांगून जमत नाही.
अंगावर माणसं बसलेली असतात, बायको, बिलं,
बद्रुद्दीन उद्या काय काय सांगेल ते.
वजनकाट्यापर्यंत गेलो तसेच आखडून.
परत येताना कुठेतरी मान सुटली,
हात लोंबायला लागले आपोआप.

मला ठेवायला ती वाकली
तेव्हा टेबलाखाली, भिंतीच्या फटीत
दोन वर्षांपूर्वी हरवलेली बॉबीन दिसली,
लाल धाग्यासकट.
आणि पोटाला रुतणारे पाठीवरचे कप्पे
मी सवयीने मोजत होतो.
सहावा तिरका आला होता, सूतभर.

थांब, म्हटलं.
पाय जमिनीला लागायच्या आतच.
काढ ते जाकीट.
उद्या ने.