सुटे मणी

कपिलतीर्थाच्या मंडईतून रात्री गाडा परतायचा तेव्हा
पोत्याच्या कडेला गोळा झालेले असायचे सुटे मणी,
घडातून निसटलेले, देठापाशी किंचित फाटलेले,
दिवसभर शंभर बोटांनी चाचपलेले.
नऊनंतर निम्मा भाव.
अब्बा तागडी न धरता ओंजळीनं मोजायचे,
आणि अब्बांची ओंजळ मोठी होती.

गिऱ्हाइकं ठरलेली.
सीपीआरच्या वॉर्डातून कुणीतरी यायचं,
माणूस रोज वेगळा, डोळे तेच जागलेले:
"बिनबियांचीच द्या हं, पेशंट झोपूनच खातंय."
मालूताई मगदूम, सगळे दात काढलेल्या,
एकेक मणी टाळूवर दाबून फोडायच्या
आणि डोळे मिटायच्या.
रंगराव सुतार घरी बेदाणा करायचे,
गच्चीवर जुन्या धोतरावर पसरून, भर उन्हात.
तो काळा पडायचा, दरसाल,
आणि दरसाल ते मूठभर आणून द्यायचे अम्मीला.
अम्मी घ्यायची, शिऱ्यात घालायची.
शीरखुर्म्यात मात्र नाही.
तिथं तासगावचाच लागायचा,
शेडमधे जाळीवर वाळलेला, सावलीतला,
वाळूनही हिरवा राहिलेला.

पेटीवर जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: टामसन.
"कोण हो हा?"
"गोरा साहेब होता," अब्बा म्हणाले,
"मेजवानीत बिया थुंकायची लाज वाटायची त्याला.
झाडाला म्हणाला, तूच काय ते बघ."
मी पाचवीत होते. वर्गात सांगितलं.
कांबळे बाईंनी खरं मानलं की काय, कोण जाणे,
त्या फळ्याकडं वळून बराच वेळ खडू शोधत होत्या.

त्याच मार्चमधे डालड्याच्या डब्यात
मी सात मणी पुरले.
वार्षिक परीक्षा संपेपर्यंत पाणी घातलं.
अब्बा रोज गाडा काढताना बघायचे,
काही बोलायचे नाहीत.
मुंग्या आल्या. दुसरं कोणी आलं नाही.
मग एक मणी मी ब्लेडनं उभा चिरला.
आत पांढरा, मऊ, तिळाएवढा ठिपका:
बी व्हायला निघालेलं काहीतरी
वाटेत बसून राहिलेलं.

ऑक्टोबरच्या छाटणीला अब्बा तासगावला गेले
आणि आदगोंडा पाटलांच्या बागेतून
ओल्या किंतानात गुंडाळून एक काडी घेऊन आले.
वीतभर. मेलेली दिसणारी.
"अशीच लावतात," म्हणाले. "एकाची काडी, तिची काडी,
तिची परत काडी."
"म्हणजे हे त्या वेलाचं पिल्लू?"
"पिल्लू नव्हे गं. तोच."
मी रात्रभर त्यावर विचार केला.
तोच वेल सावळजमधे, तोच पलूसला,
तोच आता बागवान गल्लीत, पाण्याच्या टाकीशेजारी,
आणि कुठंच म्हातारा नाही.

लागला. जोमात लागला.
पण कोल्हापूरचं पावसाळं त्याला मानवेना.
कधी भुरी, कधी डावणी, पानं तव्यावरच्या पापडासारखी.
शेजारच्या शकूरचाचांची शेळी तेवढी खूश.
जूनमधे चूल पेटवायला वाळक्या फांद्या मिळायच्या,
एवढाच काय तो उपयोग.
चौथ्या वर्षी एक घड धरला.
मटाराएवढे मणी, हिरवे, कडक, तोंड वाकडं करणारे.
गोड होण्याची वाट बघायला सगळे तयार होते,
अम्मी नव्हती.
तिनं वरवंट्याखाली ठेचून
चिंचेऐवजी आमटीत टाकले.
अब्बांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली,
तिसऱ्यांदा भात नसताना नुसतीच प्यायली.

आता राजारामपुरीत काचेच्या दुकानात
द्राक्षं प्लास्टिकच्या डबीत बसतात,
झाकणाला भोकं, वर तारीख.
काल एक घेतली. कुणासाठी असं नाही.
घरी येऊन ओट्यावर उघडली
आणि हात आपोआप गेला,
देठाला धरून घड हलकेच झटकला,
गाडा लावताना अब्बा झटकायचे तसा,
कच्चं काय धरून बसलंय ते कळायला.

तीन मणी गळले.
एक घरंगळत शेगडीखाली गेला.
दोन खाल्ले, आधी तेच.
घड मग रात्री.