लाल आलाय का

निरोप समारंभात कारखान्याने केक कापला.
वर क्रीमने नाव काढलेलं : दौलत लाहोर.
लोहारचं लाहोर झालंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही,
ह्यांच्याही नाही.
त्यातला एक तुकडा पेपरात गुंडाळून
उद्यमनगरातून शुक्रवार पेठेपर्यंत
ह्यांनी सायकलच्या हँडलला लावून आणला.
मी खाल्ला. म्हटलं, बरा आहे,
अजून असता तर खाल्ला असता.
एवढंच म्हटलं होतं.

चौतीस वर्षं साच्यात लोखंड ओतलेला माणूस
आता माझ्या कुकरच्या बुडात वाळू पसरतो.
चिमटीत घेऊन दाबतो, फुंकर घालतो,
"भरड हाय, पण चालंल."
शिट्टी काढली, रबर काढली,
मैदा दोनदा चाळला, कोको चिमूटभर,
डब्याला तूप असं लावलं
की एक कोपरा कोरडा सुटू नये.

रंगाची बाटली नको म्हणाले.
लक्ष्मीपुरीतून बीट आणलं, किसलं, पिळलं.
ओटा, पातेलं, माझा पांढरा पंचा,
जिथं तिथं कुणाचं बोट कापल्यासारखं.
शेजारच्या अक्काताई दारातून :
"दौलूमामा, तांबडा केक केलासा, पांढरा कवा?"
हे हसले नाहीत. ह्यांचं नाक कुकरकडे.

पहिला निघाला तपकिरी,
जुन्या गुळाच्या ढेपेसारखा.
"लाल आलाय का?"

हा माणूस भट्टीत नुसता डोकावून सांगायचा,
अजून दहा मिनिटं. आता काढा.
यंत्र नंतर आलं. तेही ह्यांना विचारून लावायचे.
माझ्या लुगड्याच्या रंगाला कधी नाव दिलं नाही,
पण लोखंडाच्या लालीला ह्यांच्याकडे सात नावं होती.
त्याच उजेडानं डोळे आतून पिकवले.
डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू,
हे म्हणतात धूर बसलाय, जाईल.

"आलाय," मी म्हटलं.

दुसऱ्यांदाही म्हटलं.
दुसरा तर मधोमध खचलेला.
बोटाने चाचपून म्हणाले, "हवा अडकली आत. भंगारात."
भंगारात कसला, गंगावेशीतल्या दुधात कुस्करून
दोन दिवस खाल्ला आम्ही.

सोडा जास्त होतोय, हे मला केव्हाच कळलं होतं.
हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो,
लिंबू चोळलं की परत पिवळा.
रंगाला आंबटाचं ऐकावं लागतं,
हे धुणं धुणारीला कुणी शिकवत नाही.
तिसऱ्या खेपेला हे डबा पुसत होते
तेवढ्यात मी सोड्यातला अर्धा परत डब्यात टाकला,
घोळात लिंबू पिळलं, ताकाची वाटी उपडी केली.
बोलले नाही.

झाकण निघालं. सुरी मीच घातली.
आत
ओल्या विटेच्या दोन बोटं पुढचा,
जास्वंदीच्या चार बोटं अलीकडचा.
मी सुरी तशीच धरून उभी.

"लाल आलाय का?"

आता काय सांगू?
तो शब्द मी दोनदा खर्चून बसले होते.
खरा आला तेव्हा पदरात दुसरा नव्हता.
"आलाय," म्हटलं,
आणि आवाज नको तिथं चिरकला.

"म्हंजे पयले दोन?"

मी चक्का फेटत राहिले.
साखर विरघळायची होती अजून.
ह्यांनी केकच्या कडेवरून बोट फिरवलं,
सावकाश, पूर्ण गोल,
काही खोट सापडते का बघत.
"मला वाटलंच," म्हणाले.
"दोन्ही बारीला तू लगी बोललीस.
लाल बघणारं माणूस आदी गप ऱ्हातंय."

थोड्या वेळानं,
"सोमवारी दवाखान्यात नेशील?"
मी म्हटलं, आधी खा.