एकोणचाळीस घरं

चिंध्या मागायला जाताना
आमच्याकडे पिशवी रिकामी न्यायची नसते.
मी तळाशी चार साखरेचे खडे टाकले
आणि निघाले. अत-बाशीत त्या दिवशी उणे बावीस,
बर्फ बुटाखाली करकरत होतं
नव्या खाटेसारखं.

बाळाला अजून वीस दिवस होते.
जायना खिडकीशी बसून दिवस मोजायची
आणि मुद्दाम मधेच चुकायची.

तोक्तोबुबूनं शालीचा कोपरा दिला.
कात्री तिनंच चालवली, मला हात लावू दिला नाही.
म्हणाली, एक्क्याण्णव वर्षं आहेत यात,
त्याला पुरतील तेवढी घेऊ दे.
शाकेनकडून ट्रकच्या सीटचं आवरण.
दोनदा धुतलं तरी डिझेल काही जाईना.
राहू दे म्हटलं,
पोरगं घाटातनं गाडी हाकेल.
बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा पडदा,
एका बाजूनं उन्हानं पिठूळ झालेला.
आणि मास्तरीण अनारानं दिलं
लग्नाच्या झग्याचं अस्तर.
झगा नाही, अस्तर.
बरं.

एका घराचं दार मी वाजवलं नाही.
तिथला पाळणा मागच्या थंडीत
माळ्यावर गेलाय, दोरीनं बांधून.
नंतर दुकानात रांगेत ती माझ्यामागे उभी होती.
दोरा कुठला घेतलास, तिनं विचारलं.
लाल, मी म्हटलं.
तिनं मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी,
आणि मीठ घेऊन गेली.

म्हणजे घरं झाली एकोणचाळीस.
चाळिसावं ठिगळ आलं मॉस्कोहून,
बसच्या ड्रायव्हरच्या हाती, डायपरच्या खोक्यात.
मेदेर तिकडे छपरांवरचं बर्फ उपसतो.
माझा भाऊ, लहानपणी गच्चीवर चढायला रडायचा.
त्यानं आपलं नारिंगी जाकीट पाठवलं,
खांद्यावर फाटलेलं, पाठीवर करडी चकाकती पट्टी,
आणि चिठ्ठीत एवढंच:
ताई, दुसरं जुनं काही नाही. हे चालेल का?

आई म्हणाली, हे कापड नव्हे, हे प्लास्टिक.
शेजारणी म्हणाल्या, बाळाच्या अंगाला टोचेल.
मी म्हटलं, मे महिन्यापासून तो गेलाय,
त्याच्या पाठीचा आकार
या घरात आणखी कशात आहे, दाखवा.
कुणी काही दाखवलं नाही.
चहा ओतला गेला.

तीस वर्षं मी लोकांच्या पँटी आखूड केल्या,
पण ही पट्टी मला पुरून उरली.
दोन सुया मोडल्या, तिसरी वाकली.
अंगुस्तान घालूनही बोटात शिरली ती,
मग मी शिव्या दिल्या, हळू,
कारण बाळासाठी शिवताना शिव्या देऊ नयेत म्हणतात.
त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेले,
टोकाला टोक भिडलं पाहिजे.
एक भिडलं नाही, तोक्तोबुबूच्या शालीजवळचं.
तीनदा उसवलं.
चौथ्यांदा ते तसंच ठेवलं आणि दिवा मालवला.
आत मेंढीची लोकर भरली, बोटांनी पिंजून,
नारिंगी तुकडा बसला छातीवर येईल असा.

मुलगी झाली. नावाचा घोळ अजून चाललाय.

काल रात्री वीज गेली.
पोरगी श्वास घेतेय ना, हे बघायला
जायनानं फोनचा उजेड पाळण्यात धरला,
आणि पट्टी अशी पेटली
की पोरगी रडायची थांबली.
रस्त्यावर समोरून कुणी येतंय
अशा नजरेनं बघत राहिली,
पापणी न हलवता.

जायनानं तसाच त्याला फोन लावला.
झोप मोडलेला, टोपी घातलेला, तोंडातून वाफ.
दिसतेय का, तिनं विचारलं.
काही दिसत नाही, तो म्हणाला,
मधे काहीतरी चकाकतंय.

तूच आहेस तो, जायना म्हणाली.
जरा बाजूला हो.