पाण्यावरचा पहारा

शेफील्डच्या टेकडीवर, चौथ्या मजल्यावर,
सकाळी आठला मी नळाला चिकटपट्टी लावायचे.
जग उचलायचे. फुलदाणीसुद्धा.
मग अल्विन थ्वेट यांना काट्यावर उभं करून सांगायचे,
आता संध्याकाळपर्यंत पाणी नाही.

हे वाक्य माझ्या तोंडात कधी बसलंच नाही.
आमच्याकडे दारात आलेल्यापुढे आधी तांब्या येतो,
नाव-गाव मागून.
आणि इथे मी दर तासाला
त्यांचं वजन, त्यांची लघवी, त्यांचे फुटलेले ओठ
तक्त्यात भरत होते.
संडासाच्या दारापर्यंत सोबत जायचे,
आत धार वाजली की कान टवकारायचे.

निवृत्त ट्रामचालक. दिवसाला बारा लिटर.
"कुठल्या थांब्याजवळ कुठला नळ, झोपेत सांगेन,"
म्हणाले, जीभ टाळूला चिकटलेली.
आजाराच्या जुन्या नावात डायबेटिस होतं,
साखरेचा मात्र कण नाही,
तरी प्रत्येक नवी नर्स आधी बोटच टोचायची.
कोणी म्हणालं, सवय.
कोणी म्हणालं, मनाचं आहे.

पहिली चाचणी तीन वाजता नासली.
शेजारच्या खाटेवरची डॅफोडिल्स
कोरड्या काचेत उभी होती.
फुलदाणी उचलायला मी शिकले ती त्या दिवशी.
अहवालात लिहिलं: अनिर्णित.
ते म्हणाले, "सॉरी, लव्ह."
माफी कुणी कुणाची मागायची?
दुसरी नीट पार पडली, पण आकडे
उंबऱ्यावरच बसून राहिले. ना आत, ना बाहेर.

मग एकदा डबा खाताना प्रयोगशाळेतली इफेओमा म्हणाली,
त्या हॉर्मोनच्या मागे धावू नकोस,
नळीत उतरता उतरता विरतं ते.
पण ते घडताना त्याच्या अंगाचा एक तुकडा सुटतो,
बिनकामाचा, म्हणून कोणी विचारत नव्हतं.
तो टिकतो.
मला हसूच आलं.
शेंगा कोणी खाल्ल्या म्हणून इतकी वर्षं चौकशी,
आणि टरफलं तर समोरच पडलेली.

पुढे दीड वर्ष अर्ज.
नमुना दुसऱ्या शहरात जाणार, कुरियरचे पैसे कोण देणार,
वर्षाला रुग्ण जेमतेम अकरा,
एवढ्यासाठी? अशी एक बैठक. तशीच दुसरी.
तिसरीत मी बोलले नाही.
आठ तासांचा तक्ता टेबलावर ठेवला
आणि त्यांच्या मधल्या पाण्याच्या बाटल्या उचलून घेतल्या.

मार्चमध्ये थ्वेट परत आले.
शिरेतून अर्धा तास आर्जिनिन, मग थोडं थांबून एक नळी रक्त.
थोडी मळमळ. "बस्स?"
बस्स.
हीसुद्धा दर वेळी खरं बोलते असं नाही,
पण चुकताना माणसाला वाळत घालत नाही.
आकडा आला तो एवढासा,
की त्याच्यापुढे दशांशचिन्ह थोर वाटावं.

पंधरवड्यानं त्यांच्या बायकोचा, मॅविसचा, फोन.
गोळी सुरू केल्याची तिसरी रात्र.
अडीचला तिला जाग आली ती शांततेनं:
जिन्यावर पावलं नाहीत, नळ नाही.
घाबरून तिनं त्यांच्या नाकाशी बोट धरलं.
झोपले होते.
उशाशी जग, काठोकाठ.

फोन ठेवून मी उठले
आणि वॉर्डातल्या नळावरचा पट्टीचा गोंद
नखानं खरवडत राहिले.
सगळा निघाला नाही.