मानस

इनासच्या डोक्यावर चौसष्ट चकत्या चिकटवते,
केस बाजूला सारत, जेल भरत.
बांबोळीच्या या खोलीत एसी कायम जास्त.
तो विचारतो, बाये, आतलं काय दिसतं?
आतलं काही नाही, मी म्हणते. फक्त वरचं.

चौसष्ट रेघा. पापणी हलली की सगळ्या उसळतात,
दात आवळले की काळ्याकुट्ट.
त्यांच्यावरून मागे जायचं:
कुठल्या वळीत, कुठल्या क्षणी ठिणगी पडली
आणि मग कुठे गेली.
मध्ये हाड. ते सगळं पुसट करतं,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं,
आवाज येतो, कोण रडतंय ते नाही.

एकाच रेघेला हजार उगम शोभतात.
गणित त्यातला सगळ्यात काटकसरीचा निवडतं.
सहा वेळा चालवून पाहिलं,
सहाही वेळा डाग पसरट,
सांडलेल्या सोलकढीसारखा.

इनास चाळीस वर्षं दिवाडीच्या बांधावर.
भरतीला फळ्या, ओहोटीला जाळं.
पाणी अडवणाऱ्या त्या दाराला तिकडे मानस म्हणतात.
मी दोनदा विचारून घेतलं.
आता तो बोलता बोलता थांबतो,
डोळे उघडे, आत कोणी नाही.
लुर्दीन बाहेर बाकावर, पिशवीत पोया घेऊन.

चकत्या काढताना तो म्हणाला,
खेकड्यानं बांध पोखरला की पाण्यावर भोवरा दिसतो,
पण भोक त्याच्या खाली नसतंच.
मग?
आदल्या भरतीला भोवरा कुठं होता ते आठवायचं.
भोक उडी मारत नाही, बाये. सरकतं.

त्या रात्री मी प्रत्येक क्षणाला
आदल्या क्षणाचा हात धरायला लावला.
डाग आकसला.
डाव्या कानशिलामागे उठला, आत वळला, खाली,
जुन्या गोष्टी जिथं ठेवलेल्या असतात म्हणतात तिथं,
आणि मग पसरला.
अकरा सेकंद.
असं खरंच झालं, की मी असं होऊ दिलं?
बघायला आत कोणी गेलेलं नाही.

अहवालात ‘बहुधा’ दोनदा लिहिलं.
डॉक्टर केंकऱ्यांनी एक खोडलं.

लुर्दीननं विचारलं, तेव्हा तो जातो कुठं?
पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, इथून निघतो.
ती बराच वेळ बघत राहिली, चष्मा काढून, घालून.
आणि परत कुठून येतो?

ते मी अजून मोजलेलं नाही.